काचपेटीतला संसार: तयार संच घ्यावा की सुटे सामान?

परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की घरोघरी एक मागणी हमखास पुढे येते, ‘आपल्याकडे मासे आणू या ना!’ कुत्र्यामांजराला सोसायटीची, शेजाऱ्यांची आणि आजीची परवानगी लागते. माशांना मात्र कुणाचीच हरकत नसते. ते भुंकत नाहीत, केस गाळत नाहीत, गावाला जाताना कुणाकडे सोडावे लागत नाहीत. त्यामुळे आईबाबाही चटकन होकार देतात आणि एखाद्या रविवारी सगळे कुटुंब दुकानात जाऊन उभे राहते.

तिथे पहिलाच प्रश्न समोर येतो. एकीकडे रंगीत खोक्यात बंद असलेला तयार संच: पेटी, झाकण, दिवा, फिल्टर, सगळे एकत्र. ‘घरी न्या, पाणी भरा, मासे सोडा’ असे विक्रेता सांगतो. दुसरीकडे साध्या काचेच्या पेट्या, भिंतीवर टांगलेले पंप, नळ्या, स्पंज, दिवे. हे सगळे सुटे, म्हणजे एकेक निवडून जमवायचे. खिशात ठरलेली रक्कम. काय घ्यावे?

प्रश्न वरवर पैशांचा दिसतो. पण पेटीत सोडले जाणारे जीव जिवंत असतात. पहिल्याच पंधरवड्यात एकामागून एक मासा उलटा होऊन तरंगू लागला की लहान मुलाचे डोळे भरून येतात आणि मोठ्यांना वाटते, ‘आपल्या हाताला मासे मानवत नाहीत.’ हाताचा तिथे काही दोष नसतो. बहुतेक वेळा खरेदीची यादीच उलटी झालेली असते. म्हणून या वेळी या सदरात ही यादी सुलटी करून पाहू.

खोक्यात काय असते, काय नसते?

तयार संचात साधारणपणे पेटी, दिवा बसवलेले झाकण आणि एक छोटा फिल्टर मिळतो. काही संचांत खाद्याची पुडी आणि पाण्यात घालायच्या औषधाची बाटली असते. दिसायला हे सुबक असते. कोपरे गोल, वायरी लपवलेल्या. बैठकीच्या खोलीत शोभून दिसते.

पण ज्या वस्तूंवर माशांचा जीव अवलंबून असतो त्यांतल्या बऱ्याच खोक्यात नसतात. तळाची खडी, तापमापक, पाणी काढायची नळी, जाळी, क्लोरीन घालवण्याचे औषध, पाणी तपासण्याचे थेंब, माशांसाठी वेगळी राखलेली बादली, यांतले काहीही धरलेले नसते. घरी आल्यावर एकेक आठवते आणि दुकानाच्या फेऱ्या सुरू होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट आकाराची. परवडणाऱ्या किमतीचे संच बहुधा लहान असतात. पंधरा-वीस लिटर पाण्याचे. आणि नवशिक्यासाठी लहान पेटी सोपी असते हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. लहान पेटीत चूक पचत नाही. खाद्य चिमूटभर जास्त पडले, एक मासा कोपऱ्यात मरून पडला, दुपारचे ऊन पेटीवर आले, की वीस लिटर पाणी तासाभरात बिघडू लागते. पन्नास लिटर पाणी तीच चूक सावकाश सोसते आणि तुम्हाला सुधारायला वेळ देते.

पाच हजारांचे दोन हिशेब

समजा, या हौसेसाठी तुम्ही पाच हजार रुपये बाजूला काढले आहेत. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. गावागणिक आणि दुकानागणिक ते बदलतील. तुम्ही आपल्या बाजारातले भाव घाला, प्रमाण साधारण हेच राहील.

पहिला हिशेब तयार संचाचा. वीस लिटरचा बरा संच ३५०० रुपये. त्यावर खडी, तापमापक, पाणी काढायची नळी, जाळी, क्लोरीनचे औषध आणि अमोनिया तपासण्याचे थेंब मिळून आणखी ११०० रुपये. एकूण ४६००. हाती उरले ४०० आणि पाणी वीस लिटर.

दुसरा हिशेब सुट्या सामानाचा. २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १२ इंच उंच अशी साधी काचपेटी स्थानिक कारागिराकडून करून घेतली तर १४०० रुपये. वर ठेवायची काच २००. स्पंज फिल्टर २००. दोन तोंडांचा एअर पंप ३५०. नळी आणि पाणी उलट येऊ न देणारा छोटा व्हॉल्व ५०. साधा एलईडी दिवा ५००. आठ-दहा किलो खडी ३००. तापमापक १००, पाणी काढायची नळी १५०, जाळी ५०, क्लोरीनचे औषध १००, तपासणीचे थेंब ५००, पेटीखाली घालायचा थर्मोकोल ५० आणि बादली १५०. बेरीज करा: ४१०० रुपये. हाती उरले ९०० आणि पाणी सुमारे पन्नास लिटर.

म्हणजे पाचशे रुपये कमी खर्चून अडीचपट पाणी मिळाले. मासे तेवढेच ठेवले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीचपट जागा आली.

लिटरचा हिशेब घरीही करता येतो. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी त्याहून थोडे कमी भरते. पण वजन विसरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी, काच आणि खडी धरून ही पेटी पासष्ट-सत्तर किलोंची होते. टीव्हीच्या नाजूक टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर ती ठेवू नये. घरातले मजबूत लाकडी टेबल किंवा लोखंडी स्टँड शोधा आणि पाणी भरण्यापूर्वीच जागा पक्की करा. भरलेली पेटी सरकवली की सांधे निखळतात.

फिल्टरचा छुपा खर्च

संचातल्या फिल्टरमध्ये बहुधा कंपनीची स्वतःची काडतुसे बसतात. आत थोडा कापूस, थोडा कोळसा. खोक्यावर लिहिलेले असते, ‘दर महिन्याला बदला.’ इथे दोन तोटे होतात. एक म्हणजे दरमहा खर्च. शिवाय ते काडतूस तुमच्या गावात मिळेलच असे नाही, आणि सहा महिन्यांनी ते मॉडेलच बंद झाले तर सगळा फिल्टर निकामी. दुसरा तोटा माशांचा, आणि तो अधिक गंभीर आहे.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. पाणी अगदी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही तो असू शकतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते स्पंजावर, कापसावर, खडीवर चिकटून वाढतात. फिल्टरचे खरे काम हे. गाळ गाळणे हे दुय्यम. तेव्हा काडतूस फेकले की त्यावर महिनाभर जोपासलेली ही फौजही कचऱ्यात जाते आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

याउलट साधा स्पंज फिल्टर वर्षानुवर्षे टिकतो. एअर पंपाच्या बुडबुड्यांवर चालतो, पाण्यात हवाही मिसळतो आणि लहान पिल्ले त्यात ओढली जात नाहीत. तुंबला की बादलीत पेटीतलेच पाणी काढून त्यात पिळून घ्यायचा. नळाखाली कधीही धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. दिसायला तो काळा, ओबडधोबड असतो, एवढाच त्याचा दोष. मागच्या कोपऱ्यात, एखाद्या वनस्पतीच्या आडोशाला ठेवला की तोही झाकला जातो.

मोटरचा फिल्टर घ्यायचाच असेल तर तासाला किती लिटर पाणी फिरवतो ते पाहा. पेटीतल्या पाण्याच्या चार ते सहापट पुरते. म्हणजे पन्नास लिटरला तासाला २०० ते ३०० लिटर. त्याहून जोरदार फिल्टर लावला तर लांब शेपटीचे मासे दिवसभर पोहून थकतात.

हीटर कुणाला हवा?

हे सदर वाचणारे मुंबई-पुण्यातले आहेत, तसेच इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि दिल्लीतलेही. तेव्हा एकच उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही. दुकानात मिळणारे बहुतेक मासे उष्ण प्रदेशातले. त्यांना २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. मुंबई, कोकण, गोवा इथे वर्षातला बहुतेक काळ पाणी आपोआपच तेवढे राहते. तिथे हीटरसकट संच घेणे म्हणजे न लागणाऱ्या वस्तूचे पैसे भरणे. पुणे, नाशिक, नागपूरकडे हिवाळ्यातल्या रात्री विचार करावा लागतो. इंदूर-दिल्लीकडे हीटर हवाच. एका लिटरला एक वॅट असा ढोबळ हिशेब धरा, पन्नास लिटरला ५० ते ७५ वॅट. दुसऱ्या हिशेबात उरलेले ९०० रुपये इथे कामी येतात.

विजेचेही पाहून घेऊ. पाच वॅटचा एअर पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. दहा वॅटचा एलईडी रोज आठ तास लावला तर अडीच युनिटच्या आत. पण ७५ वॅटचा हीटर दिवसातले बारा तास तापला तर महिन्याला २७ युनिट. खरा खर्च हीटरचा, हे लक्षात ठेवा.

हीटर टाळायचा असेल तर मासाच तसा निवडता येतो. अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ हा आपल्याच गंगेच्या खोऱ्याकडच्या ओढ्यानाल्यांतला मासा. तो १८ अंशांपर्यंतचा गारवा सहज सोसतो, चपळ आहे, स्वस्त आहे आणि कळपात खेळताना पाहायला गोड दिसतो.

विजेच्या बाबतीत तीन सवयी लावून घ्या. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत व्हॉल्व बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात आणि तिथून जमिनीवर. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली एक झोल देऊन न्या, म्हणजे ओघळणारे पाणी बटणापर्यंत पोहोचत नाही. आणि पेटीत हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद. मुलांना हा नियम पहिल्या दिवशीच शिकवा. जिथे तासन्‌तास वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवावा.

मग तयार संच कुणी घ्यावा?

तयार संच सरसकट वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तुमच्या गावात पेटी नीट जोडणारा कारागीर नसेल, जमवाजमवीला वेळच नसेल, किंवा घरात रांगते मूल असून उघड्या वायरी नकोत असे वाटत असेल, तर संच सोयीचा. मात्र घेताना चार गोष्टी विचारा. पाणी किती लिटर? चाळीसच्या खाली जाऊ नका. फिल्टरमध्ये काडतुसाऐवजी साधा स्पंज कापून बसवता येतो का? दिवा गेला तर तेवढाच बदलता येतो का, की सगळे झाकण नवे घ्यावे लागते? आणि पंप बिघडला तर बाजारातला दुसरा त्या जागी बसतो का? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

लहानच पेटी हवी असेल तर तीत एकटा फायटर मासा ठेवता येतो. त्याला हवेतला प्राणवायूही घेता येतो, त्यामुळे तो अशा जागी तग धरतो. पण त्यालाही वाटीएवढ्या बरणीत कोंडू नये. पंधरा-वीस लिटर पाणी आणि सौम्य फिल्टर तरी द्यावा. दोन नर एकत्र कधीच नकोत, ते एकमेकांना फाडतात.

आणखी एक, सगळ्यांत स्वस्त वाट आहे. जुनी पेटी. कितीतरी घरांच्या माळ्यावर आणि गच्चीवर हौस फिटलेल्या पेट्या धूळ खात पडलेल्या असतात. नात्यागोत्यात, सोसायटीत विचारून पाहा. मिळाली तर सपाट जागी ठेवून काठोकाठ भरा आणि खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालून चोवीस तास ठेवा. कागद कोरडा राहिला तर पेटी ठीक. धुताना साबण किंवा डिटर्जंट वापरू नका. मीठ आणि भरपूर पाणी पुरे. सांधा झिरपत असेल तर काचकामाचे साधे सिलिकॉन लावून दोन दिवस वाळू द्या. बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विष ठरते.

सगळ्यांत महाग वस्तू फुकट मिळते

आता मुख्य मुद्दा. संच घ्या वा सुटे सामान, पेटी घरी आली त्या दिवशी मासे आणू नका. वर सांगितलेली जिवाणूंची फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ‘आजच पाणी भरा, आजच मासे सोडा’ हा सल्ला विक्रेत्याला सोयीचा, माशांना नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत होते. पहिल्या आठवड्यात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतात, कल्ले लाल होतात. मग कुणीतरी निळे औषध देतो, त्याने उरलेसुरले जिवाणूही मरतात, आणि पुन्हा नवे मासे, पुन्हा तेच.

पेटी मांडा, पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पेटीत टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणू त्यावर पोसतील. ओळखीच्या कुणाच्या निरोगी पेटीतला वापरलेला स्पंज मिळाला तर फारच उत्तम. तो ओलाच आणून आपल्या पेटीत टाका, म्हणजे विरजण लावल्यासारखे काम लवकर होते. थेंबांनी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की घर तयार झाले असे समजा. नायट्राइट तपासण्याचे थेंब वेगळे मिळतात. ते घेणे शक्य नसेल तर दुकानदाराकडून पाण्याचा नमुना तपासून घ्या.

हा महिना मुलांना मोठा वाटेल. पण त्यांना कामाला लावा. वहीत रोजचे तापमान लिहायचे, थेंबांचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. मासे येण्याआधी पाणी समजून घेतलेले मूल पुढे माशांची काळजीही नीट घेते.

पाण्याचेही पाहावे लागते. नगरपालिकेच्या पाण्यातले क्लोरीन औषधाने किंवा बादलीत चोवीस तास उघडे ठेवून घालवा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण ते बहुधा जड, क्षारयुक्त असते. तसे असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी घ्या, त्यांना तेच आवडते. पिण्याच्या फिल्टरचे आरओ पाणी शुद्ध म्हणून तेवढेच भरू नये. त्यात माशांना लागणारे क्षार उरत नाहीत.

मासे निवडताना

पन्नास लिटरला सुरुवातीला पाच-सहा लहान मासे पुरेत. दोन-तीन आठवडे सगळे ठीक चालले तर आणखी तेवढेच. गप्पींचे नर-मादी एकत्र आणले तर थोड्याच महिन्यांत पिल्लांचा सुकाळ होतो, म्हणून नुसते नर आणलेले बरे.

गोल्डफिश सगळ्यांना मोहवतो, पण तो वितीएवढा किंवा त्याहून मोठा होतो आणि घाणही पुष्कळ करतो. दोन फुटी पेटी त्याला अपुरी पडते. काचेच्या गोल भांड्याची तर गोष्टच नको. ‘शार्क’ म्हणून बोटाएवढे जे रुपेरी पिल्लू विकतात ते शार्क नसतेच, तो पंगस नावाचा मासा. बाजारात ‘बासा’ म्हणून ज्याचे तुकडे मिळतात तोच. तो चार फूटही वाढू शकतो. काच साफ करणारा म्हणून दिला जाणारा ‘सकर’ फूटभराचा होतो. मग लोक त्याला नदीत नाहीतर तलावात सोडून देतात. हे पुण्य नव्हे. आपल्या देशातल्या अनेक जलाशयांत या परक्या माशाने ठाण मांडले आहे आणि स्थानिक माशांच्या तोंडचा घास तो पळवतो आहे. पेटीतला मासा नको झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण पाण्यात सोडू नका.

पुढचे काम थोडेच उरते. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य. आठवड्यातून एकदा दहा-बारा लिटर, म्हणजे बादलीभर पाणी बदलायचे. सगळे पाणी काढून पेटी घासूनपुसून लख्ख करण्याचा उत्साह आवरा, त्यात जिवाणू जातात आणि मासेही. काढलेले पाणी कुंड्यांना घाला. त्यातल्या नायट्रेटवर तुळस आणि मोगरा खूश होतील.

थोडक्यात, पैसे मोजके असतील तर आधी पाण्यासाठी खर्च करा, मग फिल्टरसाठी, मग तपासणीसाठी, आणि शोभेसाठी सगळ्यांत शेवटी. प्लास्टिकचा किल्ला आणि रंगीत खडी पुढच्या वाढदिवसापर्यंत थांबू शकतात. दुकानात जाताना यादी कागदावर लिहून न्या, त्यातले प्रत्येक सामान घेऊन या, आणि मासे मात्र दुकानातच राहू द्या. महिनाभराने त्यांना आणायला पुन्हा सगळे मिळून जा.